एकाच घराच्या दोन किमती : ब्रिटनमधील कर्जदात्यांना आणि मूल्यांकनकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
सपोर्टेड हाउसिंगच्या घरांवर तारणकर्ज देणाऱ्या ब्रिटनमधील बँका व वित्तसंस्था,
आणि त्यांच्यासाठी मूल्यांकन करणारे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्सचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

वेस्ट मिडलंड्समध्ये एका साध्या रस्त्यावर आमचे पाच बेडरूमचे जोडघर आहे. ते आम्ही सपोर्टेड हाउसिंगसाठी, म्हणजे अपंग प्रौढांनी मदतनिसांसह राहावे म्हणून, पट्ट्याने दिले आहे. २०१९ च्या जूनमध्ये तुमच्यापैकी एका सर्व्हेअरने त्याची किंमत ६,००,००० पौंड लिहिली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तुमच्यापैकीच दुसऱ्याने ती २,९०,००० पौंड लिहिली. मधल्या पाच वर्षांत घराला आग लागली नाही, पाया खचला नाही, भाडे एक महिनाही थकले नाही. उलट कराराप्रमाणे ते वाढतच गेले, आणि त्याच रस्त्यावरची तशीच घरे पावणेतीन लाखांवरून साडेतीन लाखांवर गेली. दोन्ही अहवालांत तुमच्या ‘रेड बुक’चा, म्हणजे मूल्यांकनाच्या नियमपुस्तकाचा, हवाला आहे आणि दोन्हींच्या शेवटी जबाबदार माणसाची सही आहे. ह्यांतला एकच आकडा चुकला असता, तर मी संबंधित कार्यालयाकडे तक्रार करून गप्प बसले असते. माझे म्हणणे असे आहे की दोन्ही आकडे चुकले आहेत आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. त्या घरात कोण राहते, त्यांचे भाडे कुठून येते आणि ते थांबले तर पुढे काय होईल, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

ह्या पत्राची इंग्रजी प्रत मी तुम्हाला टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत ते सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की इथल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या घोळक्यात आणि पुण्या-ठाण्याहून येणाऱ्या फोनवर अलीकडे हाच विषय वारंवार निघतो : घर घ्यायचे, सपोर्टेड लिव्हिंगला द्यायचे, पंचवीस वर्षे सरकारी भाडे खायचे आणि डोक्याला ताप नाही. ह्या बोलण्याला तुमच्या अहवालांतले आकडे खतपाणी घालतात, म्हणून तुम्हाला लिहिलेले त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा दीर्घ मानसिक आजार असलेल्या प्रौढ माणसांना रुग्णालयात किंवा मोठ्या आश्रमात न ठेवता, साध्या वस्तीतल्या साध्या घरात, सोबतीला मदतनीस देऊन राहू द्यायचे, ही ह्या देशाची गेल्या काही दशकांतली दिशा आहे. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू ह्या खाजगी रुग्णालयात अशा रुग्णांचा होणारा छळ बीबीसीने छुप्या चित्रीकरणातून उघड केला, आणि त्यानंतर सरकारने ह्या लोकांना रुग्णालयांतून बाहेर काढण्याचे वचन दिले. तरीही इंग्लंडमध्ये आजमितीला सुमारे दोन हजार माणसे अशा रुग्णालयांत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे अडलेले असते ते योग्य घर मिळत नाही म्हणूनच. घर बहुधा खाजगी मालकाचे असते. तो ते हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे गरजूंसाठी घरे चालवणाऱ्या संस्थेला, वीस-पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतो आणि दुरुस्ती व विमा असोसिएशनच्या गळ्यात असतो. असोसिएशन राहणाऱ्यांशी भाडेकरार करते, त्यांचे भाडे काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, हाउसिंग बेनिफिट ह्या सरकारी भाडेमदतीतून भरते, आणि मदतनिसांचा खर्च काउन्सिलच्या किंवा आरोग्यसेवेच्या वेगळ्या थैलीतून येतो. म्हणजे एका छपराखाली मालक, असोसिएशन, मदत पुरवणारी संस्था आणि काउन्सिल असे चौघे असतात. त्यांपैकी एकाने हात काढला की उरलेल्या तिघांची गणिते कोलमडतात.

ह्या प्रश्नात माझा जीव दोन्हीकडून अडकला आहे. आमच्या धाकट्या मुलाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि अशाच एका घरात राहतो. जवळच्या नातलगाच्या घरात राहिले तर हाउसिंग बेनिफिट मिळताना अडचणी येतात, म्हणून आम्ही त्याला आमच्या त्या घरात ठेवले नाही. आमच्या घरात दुसऱ्या चार आईबापांची मुले राहतात आणि आमचा मुलगा दुसऱ्या कुणाच्या घरात राहतो. मी मालक म्हणून तुमच्याकडून कर्ज घेतले आहे आणि आई म्हणून, माझा ज्याच्याशी काहीही व्यवहार नाही अशा माणसाच्या कर्जावर माझ्या मुलाचे छप्पर अवलंबून राहिलेले पाहिले आहे.

आता तक्रारींकडे येते, आणि पहिली तक्रार मला ज्यामुळे फायदा होत होता त्या आकड्याचीच आहे. २०१९ मध्ये आमच्या घराचे भाडे वर्षाला ३६,००० पौंड होते. तुमच्या सर्व्हेअरने भाडेपट्ट्याची सोळा वर्षे शिल्लक आहेत आणि भाडे महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढते एवढे पाहिले, सहा टक्के परतावा धरला, छत्तीस हजारांना त्या दराने भागले आणि सहा लाख लिहून मोकळा झाला. तेच घर रिकामे करून साध्या कुटुंबाला दिले असते तर वर्षाला पंधरा हजारांच्या वर भाडे आले नसते. म्हणजे त्या सहा लाखांतला निम्म्याहून अधिक भाग विटांचा नव्हताच; असोसिएशन आणखी सोळा वर्षे न चुकता भाडे भरील ह्या विश्वासाचा होता. मग ती असोसिएशन कोण, तिच्याकडे गंगाजळी किती, अशी आणखी किती घरे तिने पट्ट्याने घेतली आहेत, एक खोली तीन महिने रिकामी राहिली तर तिचे भाडे ती कुठून आणणार, हे पाहणे क्रमप्राप्त नव्हते काय? अहवालात असोसिएशनविषयी एकच वाक्य होते : ती नोंदणीकृत आहे. परताव्याचा दर सहाऐवजी नऊ धरला असता तर हीच किंमत चार लाख झाली असती. ह्या दोन लाखांच्या फरकाचे समर्थन म्हणून अहवालात एक ओळही नव्हती.

त्या आकड्यावर सत्तर टक्के, म्हणजे ४,२०,००० पौंडांचे कर्ज द्यायला तुमच्यापैकी एक संस्था तयार झाली होती. माझे पती आयुष्यभर बसच्या इंजिनांत हात काळे केलेले गृहस्थ, अहवाल वाचून ते म्हणाले, “शेजारच्यापेक्षा आपले घर दुप्पट महाग कसे? परसात तेल लागले काय?” आम्हाला गरज होती तेवढेच, १,८०,००० पौंडांचे कर्ज आम्ही घेतले. सगळेच घेतले असते तर २०२४ मध्ये घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठे ठरले असते. आमच्या शहाणपणाची फुशारकी मारायला हे सांगत नाही. तुमच्या अहवालावर विश्वास ठेवू नये, असे शहाणपण कर्जदाराला सुचावे लागले, ही तक्रार आहे.

आणि धोक्याची घंटा तोवर वाजून गेली होती. २०१८ च्या सुरुवातीला फर्स्ट प्रायॉरिटी ही असोसिएशन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. आमच्या मूल्यांकनाच्या दोनच महिने आधी, एप्रिल २०१९ मध्ये, सामाजिक (कमी भाड्याच्या) गृहनिर्माणाच्या नियामकाने पट्ट्याची घरे चालवणाऱ्या अशा असोसिएशनांवर खास टिपण काढून त्यांचे अपुरे भांडवल, महागाईला जोडलेल्या लांब पल्ल्याच्या पट्ट्यांचे ओझे आणि ढिला कारभार ह्यांवर बोट ठेवले. ते टिपण कुणालाही फुकट वाचता येत होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बेघरांसाठी घरे घेऊन ती संस्थांना दीर्घ पट्ट्याने देणारी होम रीट ही कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, शेअर पडण्यावर पैसा लावणाऱ्या व्हाइसरॉय रिसर्च ह्या संस्थेने तिच्या भाडेकरू संस्थांच्या भाडे भरण्याच्या ऐपतीवर प्रश्नचिन्ह उभे केले. जानेवारी २०२३ मध्ये शेअरचे व्यवहार थांबले. आणि त्या ऑगस्टच्या तारखेचे नवे मूल्यांकन झाले तेव्हा तिच्या घरांची किंमत खरेदीच्या निम्म्याहूनही कमी भरली. त्या घरांच्या खरेदीच्या वेळीही कुणीतरी आकडे लिहिले होते आणि कुणीतरी सह्या केल्या होत्या.

दुसरी तक्रार ह्याच्या नेमकी उलट आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे मी समजू शकते, पण तुम्ही ताकाचा पेलाच ओतून दिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या कर्जाच्या निश्चित व्याजाची मुदत संपत होती, बँक ऑफ इंग्लंडचा दर तेव्हा ५.२५ टक्के होता, आणि नव्या कर्जासाठी आम्ही दुसऱ्या संस्थेकडे अर्ज केला. तिने पाठवलेला सर्व्हेअर आला त्या सकाळी मी घरी होते. आमच्या त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या नोंदवहीत नाव आणि वेळ लिहायची असते, आणि ती लिहून घेण्याचे काम तिथे राहणाऱ्या एका तरुणाने स्वतःकडे घेतले आहे. पेन हातात दिल्याशिवाय तो कुणालाही पायपुसण्याच्या पुढे सरकू देत नाही. त्यामुळे मला अंदाजाने बोलावे लागत नाही : आत १०.४०, बाहेर १०.५१.

त्या अकरा मिनिटांत लेसरच्या यंत्राने भिंती मोजल्या गेल्या. तळमजल्यावरची, चाकाची खुर्ची थेट आत जाईल अशी सपाट न्हाणी त्याने पाहिली आणि अहवालात ती ‘मूळ स्थितीत आणावी लागेल’ अशा गोष्टींच्या यादीत घातली. जिन्याखालचा आगीच्या सूचनेचा फलक, जाड अग्निरोधक दारे, स्वयंपाकघरातली वर-खाली होणारी ओट्याची फळी ही सगळी त्याच यादीत गेली. मदतनीस रात्री झोपतो त्या पाचव्या खोलीत घडीचा पलंग आणि लहान मेज होते. तिला ‘कोठीची खोली’ म्हटले गेले आणि आमचे घर कागदोपत्री चार बेडरूमचे झाले. शेवटी साडेतीन लाखांतून पूर्ववत करण्याचा खर्च आणि ‘मर्यादित मागणी’ ह्यांपोटी साठ हजार वजा झाले. साठच का, पन्नास किंवा ऐंशी का नाहीत, ह्याचा हिशेब कुठेही नाही. ‘तारण म्हणून योग्य आहे काय’ ह्या चौकटीत त्याने ‘नाही’ लिहिले.

ज्या न्हाणीसाठी काउन्सिलच्या अधिकाऱ्यांनी आमच्याकडे सहा महिने पाठपुरावा केला, जिच्यासारखी दुसरी न्हाणी त्या भागात मिळत नाही म्हणून माणसे रुग्णालयात अडकून पडतात, ती तुमच्या हिशेबात दोष ठरली. घर रिकामे करून कुटुंबाला विकायचे असे धरले तर ती दोष आहेच, हे मान्य. पण हे घर दुसरी असोसिएशन जसेच्या तसे घेईल काय, काउन्सिलला इथे अशा जागांची किती गरज आहे, हे विचारायला एक फोन पुरला असता. तो झाला नाही.

परिणाम सांगते आणि पुढे जाते. नवे कर्ज मिळाले नाही, जुने बदलत्या दरावर गेले आणि महिन्याचे ५१० पौंड व्याज १,२९० पौंडांवर पोचले. आम्ही त्यात बुडालो नाही, कारण कर्ज बेताचे होते. पण माझा मुलगा ज्या घरात राहत होता त्याच्या मालकाची गोष्ट वेगळी झाली. ते एक सज्जन, निवृत्त गृहस्थ. त्यांच्या घराचा चालू पट्टा पाचच वर्षांचा होता आणि तो संपत आला असताना त्यांच्या कर्जदात्याने, घर रिकामे असेल तरच पुढचे कर्ज, अशी अट घातली. त्यांनी पट्टा वाढवला नाही. कायद्याप्रमाणे नोटीस मिळाली, कुणी आवाज चढवला नाही, आणि आठ वर्षे एका घरात राहिलेल्या तिघांची तीन गावांत पांगापांग झाली. माझ्या मुलाला जुन्या घरापासून बाजारापर्यंतची बस एकट्याने पकडता येत होती. ती शिकायला त्याला चौदा महिने लागले होते आणि शेवटचे दोन महिने मी मागच्या सीटवर त्याला दिसणार नाही अशी बसत असे. नव्या गावात तो आता मदतनिसाशिवाय बाहेर पडत नाही. हा खर्च कोणत्या अहवालाच्या कोणत्या रकान्यात येतो, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे, कारण काउन्सिल त्यासाठी आता जादा तासांचे पैसे भरते आहे.

तिसरी तक्रार तुमच्या नियमांच्या रचनेबद्दल आहे आणि ती मी शक्य तितक्या सावधपणे मांडते, कारण मी सर्व्हेअर नाही. तीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केलेली बाई आहे. असोसिएशनच्या स्वतःच्या मालकीच्या सामाजिक घरांवर कर्ज देताना कशी किंमत काढायची, ह्याच्या पद्धती तुमच्याकडे आहेत. घर सामाजिक भाड्यानेच पुढे चालू राहील असे धरून एक किंमत काढता येते, आणि भाडेकरू आहेत तसे राहतील पण रिकामे होणारे घर खुल्या बाजारात विकता येईल असे धरून दुसरी. दोहोंतला फरक स्पष्ट लिहिला जातो आणि कोणत्या किमतीवर किती कर्ज द्यायचे हे कर्जदाता त्यावरून ठरवतो. पण खाजगी मालकाचे, असोसिएशनने पट्ट्याने घेतलेले आमच्यासारखे घर ह्या दोन्हींत नीट बसत नाही. मग एक सर्व्हेअर त्याला व्यापारी इमारतीसारखे धरतो, दुसरा रिकाम्या घरासारखे, आणि घर मधल्यामध्ये त्रिशंकू होऊन लटकते. खुद्द तुमच्या संस्थेने नेमलेल्या पीटर परेरा ग्रे यांच्या पाहणीने २०२२ च्या सुरुवातीला सांगितले होते की गुंतवणुकीच्या मालमत्तांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांचा वर्षागणिक हिशेब मांडून त्याचे आजचे मूल्य काढण्याची पद्धत मुख्य मानावी. आमच्या घराला ही पद्धत कुणी लावली असती तर खोली रिकामी राहण्याची शक्यता, असोसिएशन बुडाली तर नवी येईपर्यंतचे महिने, त्यानंतरचे कमी झालेले भाडे, हे सगळे एकेका ओळीत लिहावे लागले असते आणि त्यावर बोलता आले असते. मी स्वतः रविवारी दुपारी जेवणाच्या मेजावर बसून ते मांडून पाहिले. वेगवेगळी गृहीते धरून उत्तर ३,४०,००० ते ४,१०,००० ह्या दरम्यान फिरले. माझा आकडाच बरोबर असा माझा दावा नाही, पण तो कशावर उभा आहे ते मी दाखवू शकते.

तुमच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. सपोर्टेड हाउसिंगच्या नावाखाली ह्या देशात पुष्कळ लूट झाली आहे आणि ती आमच्या बर्मिंगहॅममध्ये जितकी झाली तितकी क्वचितच कुठे झाली असेल. एका घराच्या सहा-आठ खोल्या करून, आठवड्यातून एकदा दार ठोठावण्याला ‘मदत’ म्हणून, बाजारभावाच्या कितीतरी पट भाडे काउन्सिलकडून वसूल करणारी घरे मी पाहिली आहेत. संसदेच्या समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला, आणि हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांच्या विधेयकातून २०२३ मध्ये ह्या क्षेत्रावर देखरेखीचा कायदा झाला. परवाना पद्धत कशी असावी ह्यावर सरकारने २०२५ मध्ये लोकांची मते मागवली. परवाने आल्यावर कोणते घर टिकेल आणि कोणते बंद पडेल, हे आज सांगणे कठीण आहे, आणि अशा वेळी कर्जदात्याने सावध राहू नये असे कोण म्हणेल? माझा आक्षेप सावधपणाला नाही. चांगले घर आणि लुटीचे घर ह्यांतला फरक पाहण्याचे कष्ट न घेता दोघांना एकाच दांडक्याने मोजण्याला आहे. आत जाऊन बसले, कागद मागितले, तर तो फरक तासाभरात कळतो.

इथे आपल्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण तेही हे वाचत आहेत. गुळगुळीत कागदावरच्या ‘हमीच्या भाड्या’ची हमी सरकार देत नाही. ती हमी बहुतेक वेळा एका छोट्या असोसिएशनची असते आणि तिच्या खिशात काय आहे हे तुम्ही विचारलेले नसते. हाउसिंग बेनिफिट राहणाऱ्या माणसाला त्याच्या भाड्यासाठी मिळते. घरात माणूस नसेल तर बेनिफिट नाही. पैसे गुंतवण्याआधी त्या घराची रिकाम्या ताब्याची, म्हणजे भाडेकरूंशिवायची, किंमत स्वतःच्या खर्चाने काढून घ्या. विकणारा ती सांगायला का-कू करू लागला तर चहा पिऊन उठा.

आता मागण्या. पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की अशा प्रत्येक घराच्या अहवालात एकाऐवजी तीन किमती असाव्यात : घर रिकामे धरून, चालू पट्ट्यासह धरून, आणि आजची असोसिएशन बुडाली पण घर ह्याच कामासाठी दुसरीने घेतले असे धरून. कर्ज कोणत्या किमतीवर दिले जात आहे हे कर्जदात्याने कर्जदाराला लेखी कळवावे. तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले असते, तर २०१९ च्या सहा लाखांनी कुणी हुरळून गेले नसते आणि २०२४ च्या ‘नाही’ने कुणी बेघर झाले नसते.

पट्ट्यासह काढलेल्या किमतीला आधार म्हणून सर्व्हेअरने निदान एवढे कागद पाहावेत आणि पाहिल्याचे लिहावे : मूळ पट्टा, रिकाम्या खोल्यांचे भाडे कोण भरणार ह्याचा असोसिएशन आणि मदत पुरवणारी संस्था यांच्यातला करार, असोसिएशनचे ताजे ताळेबंद, काउन्सिलने हे भाडे मान्य केल्याचे पत्र, आणि नियामकाने तिच्याविषयी काही निर्णय दिला असल्यास तो. लहान असोसिएशनांना नियामक श्रेणी देतोच असे नाही, पण त्यांच्याविरुद्ध काढलेले निर्णय उघड असतात. हे कागद मालकाकडे नसतील तर तोही एक निष्कर्षच आहे, तो तसा नोंदवावा.

अपंगांसाठी केलेल्या सोयी ‘पूर्ववत करण्याच्या खर्चा’त घालायच्या असतील तर त्या खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे, आणि स्थानिक काउन्सिलच्या प्रौढ सेवा विभागाला त्या घराची गरज आहे काय हे विचारल्याशिवाय ‘मर्यादित मागणी’ हे शब्द वापरू नयेत.

कर्जदात्या संस्थांकडे माझी स्वतंत्र मागणी आहे. कर्ज थकले आणि ताबा घ्यायची वेळ आली, किंवा घर रिकामे करण्याची अट तुम्ही घालणार असाल, तर राहणाऱ्यांना नोटीस जाण्याच्या निदान सहा महिने आधी काउन्सिलला कळवावे, आणि घर माणसांसकट दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला रास्त किमतीत विकण्याची संधी आधी द्यावी. ही मागणी जगावेगळी नाही. नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली बांधलेल्या परवडणाऱ्या घरांच्या करारांत, ताबा घेणाऱ्या कर्जदात्याने काही काळ, सहसा तीन महिने, घर दुसऱ्या संस्थेला देऊ करायचे आणि नंतरच अटींतून मोकळे व्हायचे, अशी कलमे तुम्ही स्वतः वर्षानुवर्षे मान्य करत आला आहात. ज्यांना नवे घर शोधायला इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, त्यांच्यासाठी सहा महिने मागणे फार झाले असे मला वाटत नाही.

आणि रॉयल इन्स्टिट्यूशनने पट्ट्याने दिलेल्या सपोर्टेड घरांच्या तारणमूल्यांकनासाठी वेगळी मार्गदर्शक सूचना काढावी. ती लिहिताना कर्जदाते आणि सर्व्हेअर यांच्याबरोबर काउन्सिलचे अधिकारी, असोसिएशन आणि ह्या घरांत राहणाऱ्यांची कुटुंबे यांनाही बोलवावे. बोलावले तर मी माझ्या खर्चाने येईन.

दोन्ही अहवालांच्या प्रती, नावे आणि पत्ते खोडून, इंग्रजी पत्रासोबत जोडल्या आहेत. आम्ही नव्या कर्जासाठी पुन्हा अर्ज केला असून ह्या महिनाअखेरीस तुमच्यापैकी आणखी एक जण घर पाहायला येणार आहे. त्यांनी दोन तास हाताशी ठेवून यावे, ही विनंती. वर सांगितलेले सर्व कागद मी स्वयंपाकघरातल्या मेजावर लावून ठेवीन, पाचव्या खोलीतला पलंग उघडून ठेवीन, आणि दारात नोंदवहीत नाव व वेळ लिहावी लागेल. पेन वहीला दोऱ्याने बांधलेले आहे.

आपली विश्वासू,
कर्जाचे हप्ते नियमित भरणारी एक घरमालकीण आणि एका भाडेकरूची आई,
वेस्ट मिडलंड्स